साहेब येण्याच्या आदल्या दिवशी

माझ्या लेकीच्या अंगात रक्त टिकत नाही. थॅलेसेमिया म्हणतात या आजाराला. दर तीन आठवड्यांनी मी तिला घेऊन पुण्याला जातो, कुणा अनोळखी माणसाचं रक्त तिला चढतं, आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती म्हणते, "पप्पा, पेट्रोल फुल्ल." आता ती नववीत आहे. वर्षाचीही नव्हती तेव्हापासून हे चाललंय, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नाही. हळहळायचं काम नातेवाईक करतात.

चढवलेल्या रक्ताबरोबर लोह येतं आणि त्याला अंगातून बाहेर पडायला वाट नसते. ते यकृतात, हृदयात साचत जातं. ते काढायला रोज एक औषध असतं. गोळ्या काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवायच्या आणि उपाशीपोटी प्यायच्या. मी एकदा चाखून पाहिलं, ओला खडू चाटल्यासारखं लागलं. रोज सकाळी कामाला निघताना मी ग्लास ढवळून ओट्यावर ठेवायचो, तिला हाक मारायचो आणि गाडीला किक मारायचो. बायको तेव्हा गोठ्यात असायची. ग्लास रिकामा होतोय एवढं आम्हा दोघांना पुरत होतं.

माझी नोकरी शिवऱ्याच्या बाजूला, पनीरच्या एका छोट्या कारखान्यात, पण पनीरशी माझा संबंध नाही. मी मागच्या अंगाला, सांडपाण्याच्या टाकीवर. दूध नासवून उरलेलं आणि भांडी धुतलेलं पाणी माझ्याकडे येतं. टाकीत जीवाणू असतात, ते घाण खातात, आणि त्यांना जगायला हवा लागते. ती हवा ब्लोअर देतो. ब्लोअर वीज खातो आणि बिल आलं की मालकाचं डोकं फिरतं. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. ब्लोअर बंद ठेवायचा. प्रदूषण मंडळाचे साहेब तपासायला येणार असले की आदल्या दिवशी मालकाचा फोन यायचा, "उद्या येतायत, चालू कर." मी चालू करायचो, आणि वहीत मागच्या सगळ्या दिवसांपुढे एका बैठकीत "चालू, चालू, चालू" असं लिहून काढायचो. पाणी गढूळच ओढ्याला जायचं. ओढा पुढे लेकीच्या शाळेमागून वाहतो. हे मला माहीत होतं. सगळीकडे असंच चालतं, असं मी स्वतःला सांगत होतो.

मागच्या वर्षी दवाखान्यातल्या एका सिस्टरने लेकीला एक छापील कागद दिला. आजारी मुलांचं जगणं कसं चाललंय ते त्यात विचारलं होतं. थकवा येतो का, शाळा बुडते का, मळमळतं का, औषध चुकतं का, आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो असं वाटतं का. लेकीने सगळ्या प्रश्नांपुढे "कधीच नाही" वर भराभर खुणा केल्या आणि पेन परत दिलं. "किती समजूतदार आहे हो," सिस्टर म्हणाल्या. माझी छाती फुगली.

त्याच महिन्यात तपासणीत लोहाचा आकडा वाढलेला आला. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरलो. "हे असंच राहिलं तर हृदयावर येईल," त्या म्हणाल्या. मग खाण्यापिण्याचं विचारलं. मी सांगत गेलो, अळिवाचे लाडू, गूळ, लोखंडी कढईतली भाजी. बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कोण देतं हिला?"

हे आक्का देते. माझी थोरली बहीण, पासलीला दिलेली, भातशेती करणारी. पोरीच्या अंगात रक्त नाही म्हटल्यावर रक्त वाढवणारं जे जे तिला ठाऊक होतं ते ते तिने करून घातलं. सुट्टीला लेक पासलीला गेली की आक्का तिच्यासाठी सगळं लोखंडी कढईत शिजवायची आणि एरवी एसटीच्या कंडक्टरकडे लाडवांचा डबा द्यायची. बाई पुढे असंही म्हणाल्या होत्या, की खाण्यातून येतं ते थोडंच, खरं रोजचं औषध नीट जातंय का ते पाहा. पण दोष द्यायला मला कुणीतरी सापडलं होतं. तोंडाने मी तसा तिखटच. दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला आणि म्हणालो, "आक्का, तुझं प्रेम एक दिवस पोरीचा जीव घेणार." शेजारी लेक उभी होती. मी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी लेक हट्टालाच पेटली, आत्याकडे चला म्हणून. नसरापूरवरून वेल्हे, तिथून पासली, सगळा वेळ ती गाडीवर मागे गप्प बसून होती. एरवी तिचं तोंड बंद करायला मला खोकावं लागतं.

आक्काने हसून पाणी दिलं, पण तिचे डोळे सुजलेले होते. चुलीवर नवं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. लोखंडी कढई नव्हती, तवा नव्हता, उलथनंही नव्हतं. भाकरी ती मातीच्या परळात भाजत होती आणि ती कडेने करपत होती.

"तवा कुठं गेला?" मी विचारलं.

"दिला भंगारवाल्याला. समदं लोखंड दिलं."

"अगं, पोरगी वर्षातनं दोनदा येती हितं."

"मंग? कवा येईल ते सांगून येती व्हय?" आक्का म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "म्या माज्या हातानं चारलं रं पोरीला. मला न्हाई ठावं. कुनी सांगितलंच न्हाई."

लेक उठली आणि तिच्या गळ्यात पडली. "आत्या, तुझं काही नाही गं. मीच औषध मोरीत ओतते. लई मळमळतं, पहिल्या तासाला वर्गात ओकारी येते, पोरी हसतात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी ओरडलो. मग तपासणीच्या वेळी काय करतेस, हृदय बंद पडलं म्हणजे, असं काय काय.

"तपासणीच्या आधी आठवडाभर घेते ना," ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती, समजावून सांगत होती. "तुमी पण तर साहेब यायच्या आदल्या दिवशीच ब्लोअर चालू करता. फोन येतो तेव्हा मी ऐकते. आणि शाळेत वास येतोच की. वास गेला की पोरं म्हणतात, साहेब येणार."

खरं तर आदल्या दिवशी ब्लोअर लावून वासही पुरता जात नसतो, पोरं उदारपणे गेला म्हणत होती. जीवाणू एकदा मेले की रात्रभर हवा दिली म्हणून उठून बसत नाहीत, त्यांना परत जगवायला महिना लागतो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला त्या कागदावरच्या खुणा आठवल्या. माझ्या वहीतल्या "चालू, चालू"सारखंच, ते जणू माझंच अक्षर होतं. मला फार लाज वाटली. मी आक्काचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ, येडा का खुळा," आणि करपलेली भाकरी माझ्याच ताटात वाढली.

डॉक्टरबाईंनी औषधाची वेळ बदलून दिली, संध्याकाळी, जेवणाच्या आधी. मालकाशी मी भांडलो. "बिल तू भरणार का?" असं त्याने विचारलंच. शेवटी दिवसा ब्लोअर चालू राहील एवढ्यावर तो आला, तेही कुरकुरत. वहीत मी आता बंद असेल तिथे "बंद" लिहितो. लेकीशी माझा करार झालाय. संध्याकाळी तिने विचारायचं, आज चालू होता का? मी विचारायचं, घेतलंस का? दोघांनी खरं बोलायचं.

गेल्या आठवड्यात मी घरी आलो तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. आक्का बायकोशी फोनवर बोलत होती, तिची चौकशी स्पीकरवरून सगळ्या घराला ऐकू येत होती.

"आज चालू होता का?" लेकीने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "न्हाई," मी म्हणालो. "दुपारी मालकाने बंद केला. मी पण काही बोललो नाही. दमलो होतो."

ती वळली. हातात ग्लास होता आणि तो अर्धा भरलेला होता.

"मी पण अर्धंच प्यायले," ती म्हणाली. "उरलेलं ओतणारच होते."

मग तिने नाक दाबलं, डोळे मिटले आणि माझ्यासमोर ग्लास रिकामा केला. "उद्या तुमचं," ती म्हणाली.