हौदावरचा कॅमेरा आणि माझी माफी

मला यंत्रमानवांच्या सिनेमांचा राग येतो. माझी भाची सुट्टीत येते तेव्हा मोबाइलवर तेच बघत बसते. परदेशी माणसं हिंदीत बोलतात, यंत्राला अक्कल फुटते, ते माणसांवर उलटतं, आणि शेवटी एक देखणा गडी लाल वायर कापतो. झालं, जग सुटलं! इतकं सोपं असतं तर मी शिलाईवाली बाई, कात्री माझ्या हातात दिवसभर असतेच.

नऊ वर्षांची असताना मीही असला एक सिनेमा बघितला होता. येरमाळ्याची चैत्रातली यात्रा होती आणि तंबूत पडदा लावला होता. मला काकूंनी नेलं होतं. काकू म्हणजे माझी चुलती. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं. यात्रेत रानातून चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहायचे असतात, ते खडे त्यांच्या पदरात तसेच होते. पडद्यावर लोखंडी माणूस आला, त्याचा लाल डोळा मोठा मोठा होत अगदी आमच्या अंगावर आला, आणि काकूंनी पदरातला एक खडा काढून त्या डोळ्यावर हाणला. तंबूभर हशा पिकला. काकू मात्र घाबरल्या, त्या डोळ्यापायी नव्हे, देवीचा खडा भलतीकडं गेला म्हणून. आम्ही परत रानात जाऊन दुसरा वेचला.

लग्न मोडल्यावर मी माहेरी आले आणि काकूंच्या ओसरीवर मशीन टाकलं. आमचं गाव येरमाळा आणि येडशीच्या मधे कुठंतरी आहे, नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही. आळीत बटणांचा मोबाइल घेणारी पहिली बाई मीच. आणि मी दिवसभर घरी. त्यामुळं आळीतल्या म्हाताऱ्यांच्या कुठल्याही कागदावर मोबाइल नंबर लिहायची वेळ आली की माझा नंबर लिहायचा, अशी रीतच पडून गेली. आधारला माझा नंबर, रेशनला माझा, गॅसला माझा, बँकेला माझा. कुणाच्या घरचे लोक पुण्याला, कुणाच्या पोराचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलणारा. माझा एकच, बटणांचा फोन जाऊन टचचा आला तरी वर्षानुवर्षं तोच. ओटीपी आला की मी काजं करता करता ओसरीवरून ओरडायची, आणि समोरची म्हातारी ते आकडे घोकत दुकानापर्यंत जायची. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. उलट मला मोठेपणा वाटायचा, हे कबूल करते. चौदा माणसं माझ्या एका सिमकार्डाला बांधली गेलीत, हे मला तेव्हा कळलंच नाही.

मागच्या वर्षी गावात कॅमेरे बसले. चोऱ्या थांबतील म्हणाले. नारळ फुटला, फोटो निघाले. एक कॅमेरा शाळेपाशी, एक चौकात आणि एक हौदावर, जिथं बायका धुणं धुतात. हौदावरून काय चोरीला जाणार होतं? साबणाची वडी?

एक दिवस एक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आली आणि माप देता देता रडायलाच लागली. पानटपरीवर गावातल्या एका पुढाऱ्यानं आपल्या मोबाइलवर चित्र दाखवलं होतं. धुणं धुणाऱ्या बायका, गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेल्या, आणि त्यात ती. बघणाऱ्यांत तिचा नवरा होता. त्यानं पुढाऱ्याला एक शब्द विचारला नाही. घरी येऊन हिला मारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गावाच्या ग्रुपवर मी लिहिलं, "हौदावरचा कॅमेरा कुणाच्या मोबाइलवर दिसतो? कुणाच्या परवानगीनं? बायकांना उत्तर पाहिजे." तीन वाक्यं. शिवी नाही, नाव नाही.

त्या ग्रुपवर रोज सकाळी देवाचे फोटो, वाढदिवसाचे केक आणि इतर जातींबद्दल वाट्टेल ते येतं. त्यावर कधी कुणी चकार शब्द काढलेला नाही. माझी तीन वाक्यं मात्र अर्ध्या तासात पुसली गेली आणि ग्रुप बंद झाला, आता फक्त अॅडमिननंच लिहायचं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर त्या पुढाऱ्याची तक्रार. गावाची बदनामी केली, गावात तेढ लावली. चोराच्या उलट्या बोंबा! चौकीत बोलावलं, फोन टेबलावर ठेवायला लावला आणि सांगितलं, चौकशीसाठी जमा. दोन दिवसांत मिळेल.

"सिम तरी काढून द्या की साहेब," मी म्हणाले.

"बाई, त्याच्यावरूनच तर तुम्ही लिवलंय."

नवीन सिम काढायला गेले तर दुकानदार म्हणाला, ताई, फोन हरवल्याचा दाखला आणा. हरवला नाही, चौकीत आहे म्हटलं. मग दाखला कसा मिळणार, म्हणाला. तोही बिचारा खरंच बोलत होता.

दोन दिवसांचे आठ झाले. आणि याच आठवड्यात काकूंच्या डोळ्याची तारीख होती.

काकूंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार गेल्यासारखा. दाराच्या चौकटीला हात लावल्याशिवाय उंबरा ओलांडता यायचा नाही. सोलापूरच्या मोफत शिबिरात मोठ्या मुश्किलीनं नंबर लागला होता, शुक्रवारी सकाळी गाडी निघणार होती. नोंदणी करणाऱ्या बाईनं आधारचा आकडा टाकला आणि म्हणाली, मोबाइलवर ओटीपी आलाय, सांगा. तो आला होता चौकीच्या कपाटात. तिनं तीनदा पाठवला, तीनदा कपाटात गेला. काकू म्हणजे समोर बसलेल्या, हाताच्या शिरा दिसणाऱ्या, श्वास घेणाऱ्या काकू आहेत, हे तिला दिसत होतं. पण तिच्या मशीनला दिसत नव्हतं. "गुरुवारपर्यंत आणलात तर नाव राहील," ती म्हणाली, "नाहीतर पुढचं शिबिर कधी ते मला माहीत नाही."

बुधवारी दुपारी तो पुढारी स्वतः ओसरीवर आला. त्याच्या आईच्या हातचं मी लहानपणी कितीदा जेवले आहे. खुर्चीवर ऐसपैस बसून म्हणाला, "अक्का, मिटवून टाकू. माफीचा एक व्हिडिओ करा, म्या तक्रार माघारी घेतो. फोन आजच्या आज मिळंल."

मी विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. मला काकूंचा चौकट चाचपणारा हात दिसला आणि मी उठले.

त्याला व्हिडिओ हौदावरच पाहिजे होता, कॅमेऱ्याच्या खांबाखाली. मी हात जोडले, म्हणाले, माझ्याकडून चूक झाली, गैरसमजातून लिहिलं, गावाची माफी मागते. तो म्हणाला, आवाज नीट आला नाही, परत घ्या. दुसऱ्यांदा म्हणाला, मान जरा खाली. तिसऱ्यांदा पसंत पडला. धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या, आणि त्यात ती ब्लाउजवालीही होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पिळा पिळायला लागली. मला तिच्यापुढं लाज वाटली, आणि त्या माणसाची इतकी चीड आली की आज लिहितानाही दात आवळले जातात.

म्हणून म्हणते, ते सिनेमे खोटे आहेत. त्यांत यंत्राला माणसाचा राग असतो. अरे, त्या खांबावरच्या डबीला कुणाचा राग असणार? राग, हाव, माज सगळा खाली उभ्या असलेल्या माणसाचा, आणि सिनेमावाले शंभर वर्षं पुढच्या लोखंडी राक्षसाकडं बोट दाखवून आम्हाला घाबरवतात. आणि ज्या मोकळ्या जगाच्या गप्पा ऐकल्या, कुणीही लिहावं, कुणीही बोलावं, ते आमच्या गावात एका अॅडमिनच्या अंगठ्याखाली मावतं.

संध्याकाळी फोन मिळाला. गुरुवारी ओटीपी आला, मी सहा आकडे सांगितले, शुक्रवारी काकू गेल्या. उजव्या डोळ्यात भिंग बसलं. डाव्याची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. माफीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं आणि आळीलाही बजावलं होतं.

आठवड्यानं शेजारची सून आली. काळा चष्मा काढून बघा काकू, दिसतंय का, म्हणत तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. भोळी पोर. ग्रुपवर टाकलेला माझ्या माफीचा व्हिडिओच तिनं लावला, ओळखीचं माणूस दिसावं म्हणून. मी आत होते. मला माझाच आवाज ऐकू आला, गावाची माफी मागते. मग परत. मग परत. तीनदा.

मी बाहेर आले तेव्हा सून निघून गेली होती.

"कितीक वरसांनी तुझं तोंड नीट दिसलं मला," काकू म्हणाल्या, "आन् ते आसं दिसलं. काय चुकलं व्हतं तुझं?"

"काही नाही."

"मंग हात कशाला जोडले?"

"तुमच्या डोळ्यासाठी."

त्यांनी पदराचं टोक तोंडाकडं नेलं. मला वाटलं रडतील. डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी पुढं झाले, तर त्या रडत नव्हत्या. संतापल्या होत्या.

"डोळा झाला माझा. त्यो आता कुणी काढून न्हेत न्हाय. माफी माघारी घे."

"काकू, फोन परत जमा करतील. तुमच्या डाव्या डोळ्याचा ओटीपी याच नंबरवर येणार आहे."

"डावा ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "त्यास्नी बघाया एक पुरं हाय."

मी त्यांना हाताला धरून उठवायला गेले, त्यांनी हात झटकला. चौकटीला न शिवता उंबरा ओलांडून त्या आत गेल्या आणि माझा फोन आणून माझ्या हातात ठेवला. ग्रुपवर मला लिहिता येत नव्हतं, म्हणून आळीतल्या एकेका बाईला वेगवेगळं पाठवलं. पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवलं:

"हौदावर मागितलेली माफी मी मागं घेते आहे. ती माझ्याकडून वदवून घेतली होती. आता सांगा, हौदावरचा कॅमेरा कुणाच्या मोबाइलवर दिसतो?"