बुजवलेली नाली

धानाचा रोवणा सुरू झाला, चिखलाचा वास आला की मला गावच्या क्लबचं फुटबॉलचं मैदान आठवतं. त्या दिवशी मुलीचा पहिला सामना होता आणि मैदानात पाणी साचलं होतं. ते उतरलं नाही तर सामना रद्द, असं पंच सांगून गेले होते. आम्ही बाया नाली खोदत होतो. पाणी वाहू लागलं, तशी सासूबाईंनी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी अडवायच्या सवयीने चिखलाचा गोळा दाबून नालीचं तोंड बुजवलं. पाणी पुन्हा गोलपोस्टकडे सरकलं. मुलगी बूट हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. कडेला गावातले पुरुष उभे, त्यांच्यादेखत सासूवर आवाज कसा चढवायचा? शेवटी ओरडलेच, “बाई, फोडा ते! इथी का रोवणा करायचा हाय?” “पाणी चाललं दिसलं की हात राह्यत नाई वो,” म्हणत त्यांनी हसतच गोळा उपसला. सामना झाला. अजूनही बांधीत पाणी अडवताना माझा हात क्षणभर घुटमळतो.