खडूच्या दोन रेघा

१९९८ साल. मी चोपन्न वर्षांचा, शिक्षण तिसरी. द्वारका चौकाजवळ टमाट्याच्या लाकडी पेट्या ठोकायचं माझं दुकान, हाताखाली सहा माणसं. वसंतराव पहिल्यांदा आले ते खिशातून खडू काढतच. फरशीवर एक रेघ ओढली, दहा पावलं जाऊन दुसरी.

"रघुभाऊ, ही आज. ती पाच वर्षांनी. मधे काय आहे?"

"फरशी," मी म्हणालो. माणसं हसली. तेही हसले.

साताठ घरं सोडून राहायचे. सातपूरच्या एका कंपनीत नियोजनाच्या टेबलावरून निवृत्त झालेले. तिथं ह्याला गॅप अॅनालिसिस म्हणायचे. मला मात्र ते "मधलं अंतर" म्हणूनच सांगायचे. "आधी पोचायचं कुठं ते ठरवा, मग काय कमी पडतंय ते लिहा. इच्छा नको, उणीव लिहा."

मी सांगितलं, दुप्पट पेट्या.

"कुणाला विचारलंत?"

"साहेब, चाळीस वर्षं ठोकतोय. लोक मला विचारतात."

भिडस्त माणूस. पुढं बोलले नाहीत, दोन रेघांच्या मधे फरशीवरच उणिवा लिहिल्या. मग दर गुरुवारी सकाळी येऊन रेघा पुन्हा गिरवायचे आणि खडूनं एकेक उणीव खोडायचे. दुसरी करवत आली, पत्र्याची शेड वाढली, माणसं वाढली. चार वर्षांत दुसऱ्या रेघेवर पाय ठेवला. तोवर मार्केटात प्लॅस्टिकचे क्रेट आले होते. माझ्या न खपलेल्या पेट्या छताच्या पत्र्याला टेकल्या आणि माणसं एकेक करून गेली. शेवटी दोघं उरली.

लोक म्हणतात, असले हिशेब बिनकामाचे. मी नाही म्हणत. अंतर त्यांनी बरोबर मोजलं होतं. पण हे कबूल करायला माझी जीभ वर्षभर उचलली नाही. गुरुवारी ते यायचे, मी करवतीचा आवाज वाढवायचो. मग यायचे थांबले.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा गेलो. खाटेवर अगदी एवढेसे झाले होते.

"दुसरी रेघ कुणी ओढली होती, रघुभाऊ?"

"खडू तुमचा होता."

"आणि जागा?"

"माझी," मी म्हणालो.

"मीही तेव्हा अडवायला हवं होतं. आता पुसा. पण नवी ओढण्याआधी विचारा कुणालातरी."

त्याच आठवड्यात गेले. खांदा दिला, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यानं पुसट झालेली दुसरी रेघ पुसली, दुकानाला कुलूप लावलं आणि दिंडोरीची बस धरली. टमाटे पिकवणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या बांधावर जाऊन टोपी काढली न् विचारलं, "तुम्हाला काय लागतं, ते सांगा."