त्याच्या नावाचा टप्पा

खाणीला एक वाईट खोड होती. दगडाच्या कड्याला पायऱ्यांसारखे मोठाले टप्पे पाडलेले, आणि ज्या टप्प्यावर माणूस दगावला त्या टप्प्याला त्याचंच नाव पडायचं. नवे कामगार वर्षभर ती नावं खुशाल घेत हिंडायचे. ही माणसं होती हे कळलं, की मग जरा हळू बोलायचे.

आपला सुरुंगवाला मात्र चांगला धडधाकट होता. दगडाला भोकं पाडून त्यात दारू ठासायची हे त्याचं काम, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा ही हौस. सगळ्यात खालच्या टप्प्यावरची भिंत फुगलीय, असं तो मुकादमाला रोज सांगायचा. मुकादमाचे कान किटले. एकदा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "एवढा जीव अडकलाय ना तुझा तिथं? मग तुझंच नाव देऊन टाकू त्याला!"

कुणी हसलं नाही. जिवंत माणसाचं नाव आजवर टप्प्याला पडलं नव्हतं. पण हे मेलं रुळलं. गाडी कुठं लावायची, पंप कुठं न्यायचा, सगळ्याला त्याचं नाव. तो दर वेळी मागे वळून बघायचा.

शेवटी हातापाया पडून त्यानं खडी फोडायच्या यंत्रावर बदली मिळवली. रिकाम्या जागी मुकादमानं धाडलं कुणाला, तर त्याच्याच धाकट्या भावाला.

"तू नको जाऊस तिथं," जेवताना तो म्हणाला.

"दादा, नाव तुझं आहे टप्प्याला. मला काय होतंय?" धाकटा हसला. आईसुद्धा हसली.

खरं म्हणजे तेव्हाच ताटावरून उठून त्यानं आकांडतांडव करायला हवं होतं. पण आपण सुटलो, याचंच त्याला इतकं बरं वाटत होतं की तो गुमान जेवला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

भिंत भर दुपारी खाली आली. धाकट्याला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली.

रीतीप्रमाणे टप्प्याला आता धाकट्याचं नाव पडायला हवं होतं. सुरुंगवाल्यानं तशी विनवणीही केली.

"अरे, तुझंच बसलंय सगळ्यांच्या तोंडात," मुकादम मान खाली घालून म्हणाला. "माझं कोण ऐकतंय?"

धाकटा कुठं दगावला असं कुणी विचारलं, की लोक अजून थोरल्याचंच नाव सांगतात. आई सांगत नाही. तिनं त्याला नावानं हाक मारायचंच सोडलंय. जेवायची वेळ झाली की त्याच्याकडे न बघता एवढंच म्हणते, "वाढलंय."