रांगेतला गोडलिंब

सिंदी रेल्वेचं कृषी केंद्र विकून मधुकररावांना काही वर्षं झाली, पण त्यांच्यातला दुकानदार काही सुटला नव्हता. पिपरी मेघेत मुलाकडे राहायला आले आणि महिनाभरात गल्लीतल्या बाया हातात पान धरून फाटकाशी उभ्या राहू लागल्या. गल्लीचे हे काकाजी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढणार, पान उलटं करून पाहणार आणि निकाल देणार. "मावा हाय गुलाबावर. पाण्याची जोरात धार मारा, औषध-बिषध काई लागत नाई." नाहीतर, "ही कोळी कीड होय. कुंडी भिंतीपासून सरकवा, हवा लागू द्या त्याले." असं एखादं पान आलं की दिवसभर स्वारी खूश. सून हर्षा तर म्हणायची, बाबांना पान मिळालं की चहाचीही आठवण राहत नाही.

त्यांच्या स्वतःच्या अंगणात कंपाउंडच्या कडेनं झाडांची रांग होती. गुलाब, मोगरा, क्रोटन, मग जास्वंद आणि सगळ्यात शेवटी गोडलिंब. गोडलिंब म्हणजे तोच तो फोडणीतला कढीपत्ता. पाणी घालण्यापुरता तो मधुकररावांचा, बाकी साऱ्या गल्लीचा. शेजारच्या शोभाबाई तर कढई गॅसवर ठेवून भिंतीवरून हात घालायच्या, डहाळी मोडायच्या आणि परत. विचारायचं काय त्यात? गोडलिंबासाठी कोणी विचारतं का कधी?

होळीनंतर उन्हं तापली आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. कळ्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखा. हर्षा रोज शाळेत शिकवायला जायच्या आधी जुन्या टूथब्रशनं, साबणाच्या पाण्यानं एकेक फांदी घासायची. काम रास्त होतं, पण हळू. आणि एका सकाळी शोभाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काकाजी, साऱ्या गल्लीचं औषध तुमच्यापाशी, अन् तुमच्याच जास्वंदीले कापूस फुटून राह्यला!"

त्या हसल्या आणि विसरल्या. मधुकरराव विसरले नाहीत. दुकान गेल्यावर त्यांच्यापाशी उरलं काय होतं, तर एवढंच, की लोक त्यांच्या शब्दावर झाडाला हात लावत. तेवढ्यावरही कोणी हसावं, हे त्यांना झोंबलं.

हर्षा शाळेत गेली तसं त्यांनी जिन्याखालून दुकानातली उरलेली बाटली काढली. कपाशीवरचं औषध, चांगलं उग्र. जास्वंद आणि कपाशी एकाच घराण्यातल्या, कीडही तीच, मग औषधही तेच चालेल, असा त्यांचा हिशेब. तोंडाला रुमाल बांधला, हातमोजे घातले आणि जास्वंद नखशिखांत भिजवली. पण हात तिथे थांबला नाही. रांग अर्धी सोडायची नाही, कीड शेजारच्या झाडावर सरकते, हे त्यांनी जन्मभर शेतकऱ्यांना बजावलेलं. म्हणून गुलाबापासून थेट शेवटापर्यंत सगळी रांग फवारून ते अंघोळीला गेले.

अंघोळ करून बाहेर आले आणि सहज रांगेवर नजर टाकली. गोडलिंबाची डहाळी मोडलेली होती. मोड ताजा, ओला.

पायात चप्पलही न घालता ते शोभाबाईंच्या दारात गेले. आत आष्टीहून पाहुणे आलेले, ताटं मांडलेली आणि गॅसवर भलं मोठं पातेलं भरून कढीगोळे.

"काऊन धावून राह्यले काकाजी?"

"आमचा गोडलिंब तोडला का तुमी आत्ता?"

"तोडला नं. कढीतच टाकला."

"कोणी खाल्लं काई?"

"नाई, वाढतच होती."

"फेकून द्या. सारी फेका. म्या औषध फवारलं त्याच्यावर. जास्वंदीवर मारता मारता हात गेला माहा."

पाहुण्यांसमोर हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. शोभाबाई पातेलं उचलून मागच्या दारी गेल्या. मधुकरराव तसेच पुढच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. कोणी काही तोडलं नव्हतं, पण प्रत्येक दारात तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. परत येऊन त्यांनी करवत घेतली आणि गोडलिंब बुडापर्यंत छाटला. कोणाचा चुकूनही हात जायला नको.

त्यानंतर फाटकाशी पान घेऊन कोणी आलं नाही. हर्षा फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, मला सांगायचं तरी." ते उन्हाळाभर त्यांना पुरलं. उरलेली बाटली घरातून गेली. रोज सकाळी तेच खाली बसून साबणाच्या पाण्यानं जास्वंद घासू लागले. मुंग्या चढून त्या किडीला पुन्हा वर नेऊन पोचवत, म्हणून खोडाला वंगणाचा पट्टा लावला. पावसाळ्यात जास्वंदीला स्वच्छ कळ्या आल्या. गोडलिंबही बुडापासून फुटला, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा भिंतीपलीकडे झुकला. पण कोणी तोडेना.

एका दुपारी शोभाबाई भिंतीशी आल्या. आतून फोडणीचा वास येत होता. त्यांचा हात डहाळीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "तोडू का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. पाहुण्यांसमोर वाटली नव्हती इतकी लाज मधुकररावांना त्या दोन शब्दांची वाटली. ते उठले, त्यांनी स्वतः एक डहाळी मोडली. वरची दोन पानं तोडून तोंडात घातली, त्यांच्यासमोर कचाकचा चावून गिळली आणि मग डहाळी पुढे केली.

"तवापासून काई नाई फवारलं त्याच्यावर. विचारत नोका जाऊ."

शोभाबाईंनी डहाळी घेतली. "विचारीन काकाजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "काई दिवस तरी विचारीन."

"विचारा," मधुकरराव म्हणाले, आणि तोंडातला कडवटपणा गिळत पुन्हा जास्वंदीपाशी जाऊन बसले.