बत्तीस मजले आणि चार फुटाणे

बिल्डिंग पाडायची ठरली की किस्से गच्चीवरच्या भंगारासारखे साठत जातात. टाकवतही नाहीत आणि नेणारंही कोणी येत नाही! आम्ही नेरूळची जुनी माणसं, चार मजली बिल्डिंगमधली. गेटजवळ जांभळाखाली एक बाक आहे. तिथे रोज संध्याकाळी मी, सावंत, जाधव आणि शेजारच्या शिरवणे गावचा पाटील बसतो. पाटलाच्या खिशात कायम फुटाणे. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्याच्या बापाचं भातशेत होतं.

*

मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस म्हणाला, "माणसं वाढली, जागा तेवढीच. आता बत्तीस मजले!"

सावंतांचा हात एकदम छातीवर गेला. "आणि लिफ्ट बंद पडली तर?"

"काका, चार लिफ्ट आहेत."

"आता एक पण नाय, तरी रोज घरी पोचतो हो!"

*

"ही ग्रीन बिल्डिंग आहे," तो पुढे सांगत होता. छतावर सोलर, पावसाचं पाणी जमिनीत, ओल्या कचऱ्याचं खत. ऐकायला बरं वाटत होतं.

जाधवांनी हात वर केला. बाकाजवळचं जांभूळ त्यांनी लावलेलं, मुलगी झाली तेव्हा. "मग आमचं झाड?"

त्याने नकाशा उलटा केला, सुलटा केला. "ते पार्किंगमध्ये येतंय, काका."

संध्याकाळी जाधवांनी जांभळाला पाणी घातलं. पाऊस पडत होता, तरी!

*

सॅम्पल फ्लॅट बघायला पाटीलही आला. किचनमधला चकचकीत नळ त्याने फिरवला. फिरवतच राहिला.

"आतापासनूच पानी नाय!"

*

बेडरूममध्ये जाधव पलंगावर आडवे झाले. पाय गुडघ्यापासून बाहेर! खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच लहान केलेला.

बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी घाबरली. "काका, उठा ना. तो फक्त बघायचा आहे."

"बरं. आणि घर?"

*

बाहेर टेबलावर नव्या सोसायटीचं मॉडेल होतं. त्यात तुरीच्या डाळीएवढी माणसं. काही उभी, काही पळणारी. बसलेलं एकही नाही.

"बाक कुठे?" मी विचारलं. मी फारसा बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"सिनियर सिटिझन झोन सातव्या मजल्यावर आहे," मुलगी म्हणाली. "फक्त मेंबरसाठी."

"आणि पाटील?"

"ते व्हिजिटर. ॲपवर परवानगी घ्यायची."

पाटलाचं तोंड उघडंच राहिलं. "माज्या बापाचे शेतान मी व्हिजिटर?"

मुलगी खाली बघायला लागली. जाधवांनी पाटलाच्या खिशात हात घातला, चार फुटाणे काढले आणि मॉडेलमधल्या गेटजवळच्या प्लास्टिकच्या झाडाखाली एका ओळीत ठेवले.

"काका, मॉडेलला हात नका ना लावू," ती हळूच म्हणाली. पण तिने ते उचलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सह्या करायला गेलो. तीच मुलगी मॉडेलवरची धूळ पुसत होती. फुटाणे मात्र झाडाखालीच होते.

पाच!