जुळलं नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

निवृत्तीनंतर मला आडनावाचा नाद लागला. आमचं आडनाव पैठणचं की आणखी कुठलं? वंशावळी लिहिणाऱ्या भाटांच्या वह्या पाहिल्या, जमिनीचे जुने कागद पाहिले. मग कळलं, थुंकी तपासायला पाठवली की बापाकडचं मूळ समजतं. पाचोडच्या भावकीत मी हे सांगत सुटलो, आणि ते दिगंबरच्या कानावर गेलं.

दिगंबर पाचोडला पिठाची गिरणी चालवतो. त्याची आई, गयाबाई, तरुणपणी आमच्या शेतात कामाला होती. त्याला शाळेत मामाचं आडनाव लागलं. बाप कोण, असं विचारलं की गयाबाई आमच्या अण्णांचं, माझ्या वडिलांचं, नाव घ्यायची. गाव हसायचं. अण्णा गप्प राहायचे. मरेपर्यंत गप्पच राहिले.

दिगंबर शहरात, पडेगावला माझ्या घरी आला. म्हणाला, "माझी बी थुंकी धाडा, दादा. जमीन नको मला. माय खरं बोलती का, तेवढं कळू द्या."

मी हो म्हटलं. का? जुळणार नाही, अशी खात्री होती म्हणून.

अहवाल माझ्या मेलवर आला. दोनदा वाचला. दोघांचा बाप एक – शंकेला जागाच नव्हती. राग आला का? लाज वाटली? आठवून पाहतो – काहीच वाटलं नव्हतं. मोबाइल चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो.

दिगंबर आला तेव्हा म्हटलं, जुळलं नाही.

त्यानं कागद मागितला नाही. मी शिकलेला माणूस ना – विश्वास होता. चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे माय जन्मभर खोटंच बोलली व्हय?"

इथं गप्प राहता आलं असतं. मी म्हणालो, "असेल."

त्या एका शब्दाची काय गरज होती?

त्या दिवसापासून तो आईशी बोलला नाही. तिच्यापुढं ताट ठेवायचा आणि गिरणीत निघून जायचा. गयाबाईनं एकदा सुनेकरवी मला फोन लावला. "बापू, त्या मशिनीची चूक होत नाय का कधी?"

मी म्हणालो, होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी मातीला गेलो होतो. दिगंबर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, डोळे कोरडे. तेव्हा तरी सांगता आलं असतं – नाही? मी हात जोडले आणि शहराची बस धरली.

दिगंबर माझा भाऊ आहे. त्याला ते माहीत नाही.